घरची व्हॅम्पायर फौज: वहीत काय लिहायचं, भिडूला काय विचारायचं

"एकदम भारी झालीय फौज!" टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या युद्धखेळासाठी मी घरीच नियम लिहून व्हॅम्पायर फौज बनवली, तिच्यावर मिळालेला हा पहिला अभिप्राय. दोन डावांनंतर त्याच भिडूने, म्हणजे समोरून खेळणाऱ्याने, दुसरा दिला, "तुझा व्हॅम्पायर फार मारतो गं, पॉइंट वाढव." पहिल्यामुळे मी दिवसभर हवेत होते, दुसऱ्यामुळे आठवडाभर घुश्शात. उपयोग दोन्हींचा शून्य. फार मारतो म्हणजे कुणाला? कितव्या टर्नला? समोरून भिडला की बाजूने? आणि पॉइंट, म्हणजे फौजेत घ्यायची त्याची किंमत, वाढवायचे तर दहा की शंभर?

मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासते. आमच्याकडे पावती नाही तर खर्च नाही. चौथ्या डावापासून हाच नियम मी टेबलावर आणला आणि तिथून फौज सुधारायला लागली. भिडूकडून कामाचं काय काढून घ्यायचं आणि दुसऱ्याच्या फौजेवर आपण काय लिहून द्यायचं, ते त्या वहीवरूनच सांगते.

आधी थोडी वंशावळ, कारण व्हॅम्पायर म्हटलं की समोरचा काही अपेक्षा घेऊनच बसतो. वॉरहॅमर फँटसीत १९९४ साली सगळ्या मुडद्यांचं मिळून एकच पुस्तक होतं. १९९९ मध्ये व्हॅम्पायर काउंट्सना त्यांचं स्वतंत्र पुस्तक मिळालं. २०१५ मध्ये त्या खेळाची जागा एज ऑफ सिग्मारने घेतली, तेव्हा चाहत्यांनी द नाइन्थ एज नावाचा नियमसंच स्वतःच उभा केला. २०२४ मध्ये द ओल्ड वर्ल्ड आला, त्यात व्हॅम्पायर काउंट्सच्या वाट्याला पुस्तकाऐवजी मोफत पीडीएफ आली. तर ज्यांच्याकडे खोकीभर सांगाडे पडून आहेत ते स्वतः नियम लिहायला बसतात. मीही त्यातलीच. माझी फौज जुन्या वॉरहॅमरच्या धर्तीवर बेतलेली, २,००० पॉइंटांची.

या फौजांचे सांधे चार. मुडदे पळत नाहीत, पण झुंज हरले की जितक्याने हरले तितके झडतात. समोरच्यांना त्यांची धास्ती वाटते. मेलेले पुन्हा उठवता येतात. आणि सेनापती व्हॅम्पायर पडला की सगळी फौज ढासळायला लागते. तपासायचं ते हे सांधे. वटवाघळांना १२ पॉइंट की १३, यावर डोकेफोड नंतर करा. मी नेमकी तिथूनच सुरुवात केली होती.

डावाआधी

एका डावाला एकच प्रश्न. वहीत वर तो लिहून ठेवायचा: "आज बघायचंय: सांगाड्यांचा गठ्ठा समोरच्या घोडदळाला दोन टर्न अडवतो का?" प्रश्न नसेल तर डाव संपल्यावर फक्त कोण जिंकलं तेवढं आठवतं.

नियमांच्या कागदावर आवृत्तीचा आकडा टाका आणि तोच कागद भिडूच्या हातात द्या. माझ्याकडून एकदा घोळ झाला. मी ०.४ खेळत होते, भिडूच्या फोनमध्ये ०.३ होती, आणि भुतं नेमकी किती इंच सरकतात यावर आम्ही दोघंही बरोबर होतो. तो अख्खा डाव वाया गेला. मधे कुठलाही बदल सुचला तर तो वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, टेबलावर लागू करायचा नाही.

तीच लिस्ट, म्हणजे फौजेत घेतलेल्या तुकड्यांची यादी, त्याच भिडूविरुद्ध दोनदा खेळा, आणि दुसऱ्यांदा फौजा बदला. तुमची फौज त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. आपणच लिहिलेले नियम आपण मनात भर घालून वाचतो. तो कागदावर आहे तेवढंच वाचतो. माझ्या नियमातली सगळ्यात मोठी भोकं माझी फौज दुसऱ्याने खेळताना सापडली.

एक भोक जवळून

माझ्या व्हॅम्पायर सरदाराला "रक्ततृष्णा" नावाचा नियम होता. कागदावर लिहिलं होतं: "घाव केला की एक जादा हल्ला." इतकंच. फौजा बदललेल्या डावात तिसऱ्या टर्नला भिडूने माझा सरदार मी खेळवत असलेल्या भालाइतांवर घातला. पाच हल्ले, फाशावर ३ किंवा जास्त पडलं की लागतात, मग २ किंवा जास्त पडलं की घाव होतो, आणि भालाइतांचं चिलखत फक्त ६ पडला तरच वाचवतं. पहिले तीन घाव झाले, त्याने तीन जादा फासे उचलले, आणि विचारलं, "या जादा हल्ल्याने घाव झाला तर त्यालाही जादा मिळतो?" मी विचार न करता हो म्हणाले. वहीतली नोंद अशी: "टर्न ३. सरदार समोरून भालाइतांवर. हल्ले १६. मेले ११."

त्या रात्री गणित मांडलं. एका हल्ल्यात माणूस मरण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के. जादा हल्ला मुळीच नसेल तर सरासरी २.३ मरतात. जादा हल्ल्याला पुन्हा जादा मिळत नसेल तर ३.४. साखळी चालू ठेवली तर ४.३. म्हणजे साखळीने सरासरी एका माणसानेसुद्धा वाढत नाही. कागदावर बघून कुणीही म्हणेल, ठीक आहे की. पण सरासरी कुणाला लक्षात राहत नाही, अकरा राहतात. साखळी बंद केली की पाच हल्ल्यांत दहाच्या वर जाताच येत नाही, आणि दहा पडायलाही नशीब फारच जोरावर असावं लागतं.

"पॉइंट वाढव" हा सल्ला ऐकून मी सरदार ५० पॉइंटांनी महाग केला असता तरी ते अकरा तसेच राहिले असते. दुखतं कुठे ते रोग्याने सांगावं, औषध वैद्याने ठरवावं. भिडूची तक्रार खरी होती, त्याचा इलाज चुकीचा होता. हे दोन वेगळे रकाने आहेत आणि माझ्या वहीत आता वेगळेच असतात: डावीकडे काय घडलं, उजवीकडे भिडू काय कर म्हणतो. डावीकडचं शंभर टक्के धरायचं. उजवीकडचं वाचायचं, आभार मानायचे, पुढे बघू.

मुडदे उठवण्याचा हिशेब

याला वेळ द्या, कारण व्हॅम्पायर फौजेत फुकट मिळणारी एकमेव गोष्ट ही. माझा मंत्र एक फासा अधिक दोन इतके सांगाडे उठवतो. सरासरी ५.५. सहा टर्न दर वेळी लागला तर ३३ सांगाडे, पाच पॉइंटांनी १६५. म्हणजे २,००० च्या डावात मी आठ टक्के जादा फौज घेऊन बसले, असं भिडू म्हणाला. हिशेब बरोबर होता, पण तो कागदावरचा. पुढच्या डावात मी दर मंत्रापुढे खूण केली. दोनदा त्याने मंत्र मोडला, एकदा सरदार पल्ल्याबाहेर होता, तीनदा लागला. उठले १७, म्हणजे ८५ पॉइंट. शिवाय त्यातले सहा अशा तुकडीत उठले जी पुढे कुणाशी भिडलीच नाही. उठवलेल्यांपैकी लढले किती, तो आकडा लिहा. नुसते उठले किती यावरून काही कळत नाही.

त्याच डावात फोनच्या घड्याळावर बघितलं, तर ते तीन मंत्र मांडायला चौदा मिनिटं गेली होती. डबा उघड, सांगाडे शोध, भाले एकमेकांत अडकलेले सोडव, रांग सरळ कर. भिडू तोवर खिडकीबाहेर बघत होता. तो काही बोलला नाही, पण हा अभिप्रायच आहे. मी नियमच बदलला: तुकडी मूळ संख्येच्या वर जाणार नाही. आता पडलेले सांगाडे शेजारच्या थाळीत ठेवायचे आणि तिथूनच परत उचलायचे. ताकद थोडी कमी झाली, कंटाळा पुष्कळ कमी झाला.

तुकडा-डाव

सेनापती पडल्यावर काय होतं हे बघायला अख्खा डाव खेळत बसू नका, तो पडेलच याची खात्री नसते. तिसऱ्या टर्नचं टेबल मांडा, व्हॅम्पायर उचलून बाजूला ठेवा आणि तिथून पुढे खेळा. वीस मिनिटांत संपतं, एका संध्याकाळी चार-पाच होतात.

माझ्याकडे तक्रार होती, "तुझा सेनापती मारला तरी काही फरकच पडत नाही." मला ती रडगाण्यासारखी वाटली होती. तुकडा-डावात कळलं की तो बरोबर होता. माझा नियम: टर्नच्या सुरुवातीला प्रत्येक तुकडीसाठी दोन फासे टाकायचे, धीर ४ आहे, त्याच्या वर जितकं पडेल तितके झडतात. सरासरी निघते ३.१. तीस सांगाड्यांच्या गठ्ठ्याला तीन टर्नांत नऊ गेले काय नि न गेले काय! तोच नियम पाच मृत घोडेस्वारांना मात्र दोन टर्नांत बहुधा पुसून टाकतो. मी नेमके मोठेच गठ्ठे आणत होते, म्हणून मला शिक्षा होतच नव्हती. आता वीसच्या वरच्या तुकडीला तीन फासे टाकावे लागतात. हे अजून दोनच तुकडा-डावांत बघितलंय, तेव्हा यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

जिंकलो-हरलो

दहा डावांत सहा जिंकले म्हणून फौज जबरी झाली असं मानू नका. नाणं उडवलं तरी दहांत सहा किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता ३८ टक्के असते. आठ किंवा जास्त आले तर शक्यता साडेपाच टक्क्यांवर येते, तिथे कान टवकारावेत. पण दहा डाव खेळायला किती शनिवार लागतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून निकाल कोपऱ्यात लिहा आणि प्रश्नांकडे वळा.

प्रश्न डाव संपल्यावर लगेच विचारा, मूर्ती डब्यात जायच्या आत. "कसं वाटलं?" विचारलं तर "छान" येतं. मी हे विचारते: आपण हरलो असं तुला कितव्या टर्नला वाटलं? कोणत्या तुकडीवर बाण मारणं सोडून दिलंस, आणि का? कोणता नियम दोनदा विचारावा लागला? उद्या पुन्हा याच फौजेशी खेळायचं तर लिस्टमध्ये काय बदलशील? शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. "आगीचे बाण आणीन" असं उत्तर आलं तर फौजेला तोड आहे. "काहीच नाही, फासे चांगले पडायला हवेत" असं आलं तर काहीतरी बिघडलंय.

तो बोलत असताना बाजू मांडू नका. मी एकदा भुतांच्या नियमावर चाळीस मिनिटं वाद घातला, जिंकलाही, आणि पुढच्या वेळी भिडूने सगळ्या प्रश्नांना "ठीक होतं" एवढंच उत्तर दिलं. नियम मोघम आहे म्हणूनच तो विचारतोय, एवढं समजलं तरी पुरे.

तक्रारी लावायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी शब्द: वाक्य दोन प्रकारे वाचता येतं का? मग नियम: तो करतो ते गंमतीचं आहे का, समोरच्याला त्यावर काही करता येतं का? पॉइंट अगदी शेवटी, आणि एका वेळी एकाच तुकडीचे. नवख्या भिडूच्या पहिल्या दोन डावांतल्या तक्रारी मी लिहिते पण त्यावरून बदल करत नाही. मुडदे पळत नाहीत याची सवय व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

दुसऱ्याला लिहून देताना

आपण तपासणारे असलो तर आवृत्ती, दोन्ही लिस्ट, नकाशा कसा होता आणि फासे कुणावर मेहेरबान होते, हे आधी लिहावं. मग घटना. माझ्या भिडूने अलीकडे दिलेली चिठ्ठी तशीच उतरवते: "०.५. टर्न २ ला माझे धनुर्धर धास्तीची चाचणी नापास, उभेच राहिले. टर्न ४ ला पुन्हा. दोन्ही वेळा फासे वाईट, ७ किंवा कमी हवे होते, ९ आणि १० पडले. राग नाही आला. पण वटवाघळं दोन्ही वेळा माझ्या तोफेवर बसली आणि मला त्यांना हात लावायला काहीच नव्हतं. दोन्ही डावांत तोफ एकदाही उडाली नाही." कुठेही "कमी कर" नाही, "वाढव" नाही. पहिल्या अभिप्रायापासून इथवर यायला त्याला अकरा डाव लागले, मलाही तितकेच.

वटवाघळांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या डावाच्या पानावर वर लिहून ठेवलंय: "आज बघायचंय: तोफेशेजारी दहा भालाईत ठेवले तर वटवाघळं येतात का?"