रेस्पिरेटरी थेरपिस्टचा परवाना काढायचा तर सुरुवात कुठून करायची

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे आयसीयूत रुग्णाचा श्वास आणि व्हेंटिलेटर (कृत्रिम श्वास देणारं यंत्र) सांभाळणारी. मागच्या आठवड्यात ड्युटी संपवून नागपूरच्या धंतोलीतून निघत होते, तर पार्किंगमध्ये आमच्या वस्तीतली, नुकतीच बारावी झालेली पोरगी वाट पाहत उभी. "ताई, तुमच्यासारखं व्हेंटिलेटरवर काम कराचं असन तर लायसन कुठून काढा लागते?" तिथंच उन्हात उभ्याउभ्या जमेल तेवढं सांगितलं. बाकीचं इथं लिहिते. हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, आणि अर्धवट माहितीवर पैसे भरून बसलेली मुलंही मी पाहिली आहेत.

आधी पदवी, मग परवाना. पदवीचं नाव बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. साधारण तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. मी मणिपालला शिकले. वेल्लोरचं सीएमसी, कोचीचं अमृता इथंही हा कोर्स आहे. घरापासून लांब जावं लागतं, हे खरं. माझ्या आईनं त्या वेळी दोन दिवस अबोला धरला होता.

गल्लोगल्ली दिसणारा सहा महिन्यांचा 'व्हेंटिलेटर टेक्निशियन'चा कोर्स करू नका. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता हवी तर दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. सहा महिन्यांत हे तास बसतच नाहीत. पदवीनंतर सगळ्यांसाठी एकसमान परवाना-परीक्षा घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, म्हणजे यापुढे पदवीचा कागद हातात आला की झालं, असं धरून चालू नका. प्रवेश घेताना कॉलेजची इमारत बघण्याऐवजी दोन प्रश्न विचारा: इंटर्नशिपला कोणकोणते आयसीयू मिळतात, आणि लॉगबुकवर (रोजच्या कामाच्या नोंदवहीवर) सही कोण करतं?

नोंदणीसाठी आपल्याकडे महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद आहे, आणि नव्या कायद्यानुसार प्रत्येक राज्यात राज्य परिषद, वर केंद्रीय नोंदवही. अर्ज भरण्याआधी परिषदेचे ताजे नियम स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका. दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, पदवीच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं पत्र, आधार, फोटो, एवढं एका फायलीत तयार ठेवा. मेडिकल चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून सगळ्याचं रंगीत स्कॅनिंग करून घ्या.

आता नावाचं. अर्ज सगळ्यात जास्त इथंच अडकतात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. आधारवर कुणीतरी वडिलांचं नाव गाळलेलं. पदवीवर विद्यापीठानं तिसरंच लिहिलेलं. मुलींचं लग्न झालं की त्यात चौथं नाव येतं. मी लग्नानंतर हौसेनं बँकेत, आधारवर, सगळीकडे आडनाव बदललं आणि पदवी मात्र माहेरच्या नावावर राहिली. पुढे प्रत्येक अर्जाला विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद जोडत बसले. सिव्हिल लाइन्सला नोटरीकडे किती चकरा झाल्या, मोजल्या नाहीत. माझं ऐकाल तर व्यावसायिक कागदांवर दहावीच्या मार्कशीटवरचंच नाव शेवटपर्यंत ठेवा. सासरी समजावून सांगता येतं.

दुसरी गोष्ट लॉगबुकची. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापासून रोजचं पान भरा: तारीख, कोणता आयसीयू, व्हेंटिलेटरचा कोणता मोड, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाला दिलेली हवा), पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब), एबीजीत (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) काय आलं, त्यावर कोणता बदल केला, आणि सिनियरची सही. रुग्णाचं नाव लिहायचं नाही. सही त्याच दिवशी घ्यायची. महिनाभरानं एकदम तीस सह्या मागायला गेलं की समोरचा माणूस बदलून गेलेला असतो.

नोकरीचे कागदही असेच जपा. एका रुग्णालयात मी दोन वर्षं पूर्णवेळ रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणून काम केलं. सोडताना मिळालेल्या अनुभवपत्रात पद लिहिलं होतं 'आयसीयू स्टाफ'. मी आनंदात होते, वाचलंच नाही. पुढे आखाती देशासाठी अर्ज केला तेव्हा पडताळणीत ते पत्र परत आलं. नवं पत्र मिळेपर्यंत सहा महिने गेले, आणि तेही मिळालं ते नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि ड्युटी रोस्टरचे मोबाइलवर काढलेले फोटो समोर ठेवले म्हणून. अनुभवपत्रात पदाचं अचूक नाव, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि रुग्णालयाचा अधिकृत ईमेल हवाच. हातात पडलं की तिथंच उभं राहून वाचा.

आखातात जायचं असेल तर डेटाफ्लो नावाची पडताळणी होते. ते लोक तुमच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाहीत, थेट विद्यापीठाला, परिषदेला आणि आधीच्या मालकाला विचारतात. म्हणून इथली नोंदणी आधी. सौदीसाठी तिथल्या आरोग्य आयोगाच्या मुमारिस प्लस या पोर्टलवर अर्ज आणि प्रोमेट्रिक या कंपनीच्या केंद्रावर संगणकावरची परीक्षा. दुबईच्या आरोग्य प्राधिकरणाचं पोर्टल शेरियान.

अमेरिकेचं मात्र नीट समजून घ्या, कारण एजंट इथंच फसवतात. तिथं अलास्का सोडून प्रत्येक राज्याचा स्वतःचा परवाना आहे. कॅलिफोर्नियात त्याला रेस्पिरेटरी केअर प्रॅक्टिशनर म्हणतात, आणि २०१५ पासून नव्या अर्जदाराला आरआरटी (रजिस्टर्ड रेस्पिरेटरी थेरपिस्ट) ही पात्रता लागते. आरआरटीची परीक्षा एनबीआरसी ही संस्था घेते, आणि त्या परीक्षेला बसायचं तर तिथल्या कोआर्क या संस्थेनं मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. आपल्याकडची पदवी दाखवून थेट परीक्षेला बसता येत नाही. बहुतेकांना तिथं जाऊन पुन्हा शिकावं लागतं. 'आपली पदवी चालते, फक्त परीक्षा द्या' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

परीक्षेच्या तयारीबद्दल एकच सांगते. वॉर्डात जे हातानं केलं ते प्रश्नपत्रिकेत विसरत नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत रात्री काटोलकडच्या एक बाई आल्या, फुप्फुसं कडक झालेली, वजन ७८ किलो. एका श्वासाची हवा मी किलोला ६ मिली धरून ४६८ मिली लावायला निघाले. सिनियर सर काही बोलले नाहीत, खिशातून शिंप्याची टेप काढून माझ्या हातात दिली. टाचेपासून टाळूपर्यंत मोजलं, १६० सेंटीमीटर. उंचीवरून धरायच्या वजनाचं बाईंसाठी सूत्र असं: १६० मधून १५२.४ वजा, उरलेल्याला ०.९१ नं गुणायचं, त्यात ४५.५ मिळवायचे. आलं ५२.४ किलो. सहानं गुणलं की ३१४ मिली. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, ते उंचीवर ठरतं. मी दीडशे मिली जास्त हवा त्या बाईंच्या छातीत भरणार होते, प्रत्येक श्वासाला. तेव्हापासून टेप माझ्याही खिशात असते.

जोडीला बीएलएस आणि एसीएलएसची, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यावर जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि पुढच्या टप्प्याच्या प्रशिक्षणाची, प्रमाणपत्रं घ्या. त्यांची मुदत दोन वर्षांची असते, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ती पोरगी रविवारी घरी येणार आहे. दहावीची मार्कशीट आणि आधार घेऊन ये म्हटलंय. आधी दोन्हीवरच्या नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळवून बघू, मग कॉलेजांचे फॉर्म उघडू.