जोडीने हाऊस संगीत प्रसिद्ध करू पाहणाऱ्यांसाठी

हाऊस, म्हणजे क्लबमध्ये नाचण्यासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळणाऱ्या नव्या जोडीने आधी अल्बमच्या मागे न लागता दोन-तीन ट्रॅकच्या छोट्या ईपी प्रसिद्ध कराव्यात, असे माझे ठाम मत आहे. मी आणि माझा मित्र पुण्यात राहून हे काम करतो. आमच्या अनुभवाइतकाच या मताला आधार आहे तो आम्ही मन लावून ऐकलेल्या दोन जोड्यांचा. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील फेलिक्स बक्सटन आणि सायमन रॅटक्लिफ, म्हणजेच बेसमेंट जॅक्स, यांनी १९९४ मध्ये 'अटलांटिक जॅक्स' हे स्वतःचे लेबल (रेकॉर्ड प्रसिद्ध करणारी कंपनी) काढले आणि 'रेमेडी' हा त्यांचा पहिला अल्बम आला १९९९ मध्ये. मधल्या काळात त्यांनी बारा इंची रेकॉर्डवर ईपी आणि सिंगल बाहेर काढत आपला आवाज घडवला. पॅरिसच्या डाफ्ट पंकनेही ग्लासगोच्या 'सोमा' या छोट्या लेबलकडून आधी सिंगल प्रसिद्ध केले. त्यांचा 'होमवर्क' १९९७ मध्ये आला आणि तोही थॉमा बँगाल्टेर यांच्या घरातील झोपण्याच्या खोलीत तयार झालेला होता. महागड्या स्टुडिओची वाट पाहत बसलेल्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

प्रत्येक ट्रॅकची एक एक्स्टेंडेड, म्हणजे लांबवलेली, आवृत्ती करावीच. डीजेला एका ट्रॅकमधून दुसऱ्यात शिरायला मोकळी जागा लागते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी १६ किंवा ३२ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) केवळ तालवाद्यांचे ठेवतात. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ मात्रा) ३२ बार म्हणजे साधारण एक मिनिट. घरी ऐकणाऱ्याला हे मिनिट लांबलेले वाटेल, परंतु डीजेचे सारे काम त्यातच चालते.

आमचा सर्वाधिक वेळ जातो तो किक (ड्रमचा खोल ठोका) आणि बेस (सर्वांत खालचे सूर) यांच्यात. हाऊसमध्ये किक चारही मात्रांवर पडते आणि बेसही तिच्याच खालच्या पट्टीत वावरतो, त्यामुळे दोन्ही एकदम वाजले की आवाज गढूळ होतो. यावर रूढ उपाय साइडचेनचा आहे: किक पडताच कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाची पातळी आवरणारे साधन, बेसला क्षणभर खाली दाबतो आणि पुढच्या किकच्या आत वर येऊ देतो. बेस किती वेगाने परत वर येतो, यावर ट्रॅकचा झोका ठरतो. रिलीज, म्हणजे हा वर येण्याचा वेळ, फार लांब ठेवला तर बेस दबलेलाच राहतो, फार तोकडा ठेवला तर कर्कश खरखर येते. हे कान एकाग्र करूनच जमते आणि तिथे दोघांपैकी एकाचा शब्द अखेरचा असावा. आमच्याकडे मिक्सबाबत मित्राचा निर्णय अंतिम असतो, तर रचना आणि सुरावटींबाबत माझा. अशी वाटणी नसेल तर ट्रॅक पूर्णच होत नाहीत, आणि मैत्रीवरही ताण येतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते ट्रॅक पूर्ण होण्याआधीच करावे. कोणाचा किती टक्के वाटा, हे दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे. गायिका असेल तर तिचेही नाव त्यात यावे. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे कायद्याने वेगवेगळे आहेत, त्यामुळे वाटेही वेगवेगळे नोंदवावेत. रचनाकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व दोघांनीही घ्यावे. मूळ ट्रॅक, एक्स्टेंडेड आणि रीमिक्स या प्रत्येकाला स्वतंत्र आयएसआरसी क्रमांक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक, लागतो.

लेबलचा करार हाती आला की मुदत आणि प्रदेश ही दोन कलमे सर्वांत आधी वाचावीत. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत इतकाच धरला जातो. पण परदेशी लेबले आपापल्या देशाचा कायदा करारात लिहून घेतात, तेव्हा या तरतुदीच्या भरवशावर न राहता मुदत किती वर्षांची आणि ती संपल्यावर मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) परत कोणाकडे येणार, हे सही करण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.