ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाचा क्रीडाहंगाम कसा पाहावा

अमेरिकेत ज्यांना सर्रास एचबीसीयू म्हटले जाते, ती ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये आणि विद्यापीठे सुमारे शंभर आहेत. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचे शिक्षण हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या संस्थांनाच ही ओळख मिळते. यांपैकी एखाद्या विद्यापीठाचा क्रीडा कार्यक्रम मनापासून समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात जय-पराजयाच्या तक्त्यापासून करू नये. तो तक्ता खोटा नसतो. पण कोणता सामना का खेळला गेला, कोणाच्या पैशाने खेळला गेला आणि त्या दिवशी मैदानावर आणखी काय चालले होते, हे त्यातून कळत नाही. पुढील मार्गदर्शन त्यासाठीच आहे.

सर्वप्रथम आपण निवडलेले विद्यापीठ कोणत्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या कोणत्या गटात, खेळते ते पाहावे. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या मुख्य अमेरिकन संघटनेच्या सर्वांत वरच्या स्तरात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, एचबीसीयूंच्या दोन कॉन्फरन्स आहेत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे स्वॅकमध्ये, ग्रॅम्ब्लिंग स्टेट, सदर्न, जॅक्सन स्टेट, अल्कॉर्न स्टेट, फ्लोरिडा ए अँड एम अशी विद्यापीठे आहेत. तर १९७० च्या मिड-ईस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मीॲकमध्ये, हॉवर्ड, मॉर्गन स्टेट, नॉरफोक स्टेट, साउथ कॅरोलायना स्टेट इत्यादी. त्याखालच्या डिव्हिजन टूमधील सीआयएए ही १९१२ पासूनची आणि एसआयएसी ही १९१३ पासूनची, म्हणजे या दोन्ही त्यांहून जुन्या. टेनेसी स्टेट, हॅम्प्टन आणि नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी ही नामांकित विद्यापीठे मात्र आज इतर कॉन्फरन्समध्ये खेळतात, हे लक्षात ठेवले नाही तर वेळापत्रक वाचताना गोंधळ उडतो.

फुटबॉलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे, वेळापत्रक हाती आले की ते तीन भागांत वाचावे. पहिला भाग हंगामाच्या आरंभीचा, साधारण सप्टेंबरचा. या महिन्यात अनेक एचबीसीयू संघ आपल्याहून कितीतरी मोठ्या आणि श्रीमंत विद्यापीठांच्या मैदानावर जाऊन खेळतात, कारण यजमान विद्यापीठ त्यासाठी ठरलेली रक्कम देते. या रकमेवर वर्षभरातल्या इतर अनेक खेळांचा खर्च भागतो. २०१२ मध्ये सव्हाना स्टेटने लागोपाठच्या दोन आठवड्यांत ओक्लाहोमा स्टेट आणि फ्लोरिडा स्टेट यांच्याशी असे सामने खेळले. पहिला ८४-० असा गमावला, आणि दुसरा वादळामुळे अर्धवट थांबला तेव्हा गुणफलक ५५-० असा होता. हे आकडे वाचून त्या संघाची कीव करणारे लेख त्या वेळी बरेच आले, पण त्या खेळाडूंनी आपल्या संस्थेच्या जमाखर्चासाठी ते मैदान गाठले होते, ही बाब मला त्या गुणफलकापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. सव्हाना स्टेट २०१९ मध्ये डिव्हिजन टूमध्ये परतली. उलट बाजूही पाहावी: २०१७ च्या पहिल्याच सामन्यात हॉवर्डने यूएनएलव्हीला, म्हणजे लास व्हेगास येथील नेवाडा विद्यापीठाला, त्यांच्याच शहरात ४३-४० असे हरवले, तेव्हा हॉवर्डचा संघ ४५ गुणांनी हरेल असे भाकीत होते. एवढ्या मोठ्या फरकाचे भाकीत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये त्यापूर्वी कधी उलटले नव्हते. म्हणून सप्टेंबरचे पराभव वेगळे काढून ठेवावेत आणि संघाची पारख कॉन्फरन्समधील सामन्यांवरून करावी. तक्त्यात त्याचा स्वतंत्र रकाना असतो.

दुसरा भाग म्हणजे क्लासिक म्हणून ओळखले जाणारे सामने. हे सामने बहुधा दोन्ही विद्यापीठांच्या गावाबाहेर, मोठ्या शहरातील मोठ्या स्टेडियममध्ये होतात, आणि माजी विद्यार्थी दूरदूरच्या राज्यांतून कुटुंबासह तिथे येतात. ग्रॅम्ब्लिंग आणि सदर्न यांच्यातील बायू क्लासिक १९७४ पासून या नावाने खेळला जातो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये तो होतो. बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर अलाबामा स्टेट आणि अलाबामा ए अँड एम यांचा मॅजिक सिटी क्लासिक ऑक्टोबरच्या अखेरीस असतो. नवख्या प्रेक्षकाने संपूर्ण हंगामातून एकच सामना पाहायचा ठरवला, तर तो अशांपैकी एक असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा भाग डिसेंबरचा. स्वॅक आणि मीॲक यांचे विजेते २०१५ पासून अटलांटा येथे सेलिब्रेशन बोलमध्ये एकमेकांशी खेळतात, आणि त्यासाठी ते आपल्या स्तरावरील, म्हणजे डिव्हिजन वन फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवरील, राष्ट्रीय बाद फेरीत उतरत नाहीत. त्यामुळे राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीत एचबीसीयू संघ शोधत बसणे व्यर्थ ठरते. अपवाद एकच: या स्तराचे पहिलेच विजेतेपद १९७८ मध्ये फ्लोरिडा ए अँड एमने जिंकले होते, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही एचबीसीयूला ते मिळालेले नाही.

सामना पाहताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: मध्यंतरात जागेवरून उठू नये. इतरत्र प्रेक्षक खाण्यापिण्यासाठी बाहेर पडतात तो वेळ इथे मार्चिंग बँडचा असतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक तो खेळाइतक्याच बारकाईने पाहतात. आधी वादकांच्या रांगा पाहाव्यात, म्हणजे गुडघे किती उंच उचलले जातात, वळताना ओळ कशी सरळ राहते, आणि ट्रंबोन, सुझाफोन यांसारखी वाद्ये एकाच क्षणी एकाच दिशेला कशी झुकतात. मग पुढे उभ्या असलेल्या, बँडचे नेतृत्व करणाऱ्या ड्रम मेजरकडे लक्ष द्यावे, जो कमरेतून मागे वाकत डोक्यावरच्या उंच टोपीचे टोक जमिनीच्या जवळ नेतो. त्यानंतर केवळ ऐकावे: सदर्नचा ह्यूमन ज्यूकबॉक्स, जॅक्सन स्टेटचा सॉनिक बूम ऑफ द साउथ आणि फ्लोरिडा ए अँड एमचा मार्चिंग हंड्रेड यांचा नाद वेगवेगळा ओळखू येऊ लागला, की प्रेक्षक म्हणून आपण पुष्कळ पुढे आलो असे समजावे. सामना संपल्यावरही थांबावे, कारण तेव्हा दोन्ही बँड आपापल्या जागेवरून आळीपाळीने वाजवत एकमेकांना आव्हान देतात, आणि सामन्याचे क्वार्टर चारच असल्यामुळे तिथले लोक या भागाला पाचवा क्वार्टर म्हणतात. या परंपरेची काळी बाजूही माहीत असावी. २०११ मध्ये मार्चिंग हंड्रेडमधील एका ड्रम मेजरचा सहकाऱ्यांच्या मारहाणीत मृत्यू झाला आणि तो बँड २०१३ पर्यंत बंद ठेवण्यात आला. ज्यांचे या बँडवर प्रेम आहे त्यांनी ही घटना विसरू नये.

आता इतिहासाकडे वळावे, आणि तो प्रशिक्षकांच्या कारकिर्दीवरून वाचावा. एडी रॉबिन्सन १९४१ मध्ये ग्रॅम्ब्लिंगला आले आणि १९९७ पर्यंत तिथेच राहिले. ४०८ विजयांपर्यंत पोहोचलेल्या या प्रशिक्षकाच्या हाताखालून टँक यंगर १९४९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये गेला, आणि एचबीसीयूमधून तिथे पोहोचलेला तो पहिला खेळाडू ठरला. त्यांचाच शिष्य डग विल्यम्स १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, विजेत्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (चाल रचणारा खेळाडू) आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनएफएलमधील नामांकित खेळाडूंपैकी वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटचा, जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटचा, स्टीव्ह मॅकनेअर अल्कॉर्नचा. एवढे गुणवान खेळाडू या लहान संस्थांत एकवटले, त्याचे मुख्य कारण म्हणजे दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दीर्घकाळ दारे बंद ठेवली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ती दारे उघडू लागली आणि त्यानंतर सर्वोत्तम खेळाडू तिकडे जाऊ लागले. तेव्हा १९७० पूर्वीच्या आणि नंतरच्या निकालांची थेट तुलना करण्यापूर्वी हा बदल ध्यानात घ्यावा.

केवळ फुटबॉलवर थांबणाऱ्या अभ्यासकाच्या हातून मात्र या इतिहासातील सर्वांत तेजस्वी प्रकरण निसटते, असे मला वाटते. टेनेसी स्टेटच्या महिला धावपटूंचा संघ टायगरबेल्स या नावाने प्रसिद्ध झाला, आणि प्रशिक्षक एड टेंपल यांनी त्यातून ४० ऑलिंपिकपटू घडवले. त्यांच्याकडे पैसा जवळजवळ नव्हता. मुली विद्यापीठात काम करून फी भागवत, आणि वर्णभेदाच्या काळात वाटेतल्या खाणावळींत प्रवेश मिळत नसल्यामुळे स्पर्धेला मोटारीने जाताना डबे बरोबर घ्यावे लागत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चार बाय शंभर मीटर रिलेतील मार्था हडसन, बार्बरा जोन्स, लुसिंडा विल्यम्स आणि विल्मा रुडॉल्फ या चौघीही टायगरबेल्स होत्या. अंतिम शर्यतीत शेवटची बॅटन देताना अडखळ झाली, तरी रुडॉल्फने जर्मन धावपटूला गाठून मागे टाकले आणि त्या स्पर्धेतील आपले तिसरे सुवर्णपदक मिळवले. वायोमिया टायस हिने १९६४ आणि १९६८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्ण जिंकले. तिच्यापूर्वी कोणत्याही पुरुषाला वा स्त्रीला ते जमले नव्हते. ही नावे ज्या विद्यापीठाची आहेत त्याचा ट्रॅक अँड फील्डचा विभाग आजही आधी उघडून पाहावा, फुटबॉलचा नंतर.

बास्केटबॉलमध्येही असेच खोल जाता येते. जॉन मॅकलेंडन यांच्या टेनेसी स्टेट संघाने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या संघटनेचे विजेतेपद पटकावले. १९६७ मध्ये क्लॅरेन्स गेन्स यांच्या विन्स्टन-सेलम स्टेटने एनसीएएच्या कॉलेज विभागाचे विजेतेपद मिळवले, तेव्हा अर्ल मनरो सामन्यामागे सरासरी ४१.५ गुण करत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस होणारी सीआयएएची स्पर्धा १९४६ पासून चालू आहे आणि अलीकडे ती बाल्टिमोरला भरते. मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत एचबीसीयू संघांना बहुधा सर्वांत खालचे मानांकन मिळते. तरीही १९९७ मध्ये कॉपिन स्टेटने साउथ कॅरोलायनाला, २००१ मध्ये हॅम्प्टनने आयोवा स्टेटला आणि २०१२ मध्ये नॉरफोक स्टेटने मिझुरीला पंधराव्या मानांकनावरून हरवले.

शेवटी जमाखर्च पाहावा, कारण त्याशिवाय वरचे काहीच नीट उलगडत नाही. मोठ्या विद्यापीठांच्या खेळाला दूरचित्रवाणी करारांतून पैसा मिळतो. एचबीसीयूत मात्र विद्यार्थ्यांच्या शुल्काचा आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीचा भार जास्त असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने १६ राज्यांच्या राज्यपालांना पत्रे लिहून १८९० च्या कायद्याखालील कृष्णवर्णीय लँड-ग्रँट (शासकीय जमीन-अनुदानाच्या योजनेतील) विद्यापीठांना मिळायला हवा होता त्यापेक्षा गेल्या तीन दशकांत १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाल्याचे कळवले. यात टेनेसी स्टेटची तूट सुमारे २.१ अब्ज डॉलरची होती. हा पैसा खेळासाठीचा नव्हे, हे खरे, पण ज्या संस्थेच्या वसतिगृहांना आणि प्रयोगशाळांनाच निधी अपुरा पडतो, तिच्या व्यायामशाळेची अवस्था काय असणार हे वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये ग्रॅम्ब्लिंगच्या खेळाडूंनी सुविधांच्या दुरवस्थेचा आणि लांबच्या बसप्रवासांचा निषेध म्हणून जॅक्सन स्टेटविरुद्धचा सामना खेळण्यास नकार दिला, आणि तो सामना सोडून द्यावा लागला. पुढे डीऑन सँडर्स यांच्यासारखा मोठा खेळाडू प्रशिक्षक म्हणून जॅक्सन स्टेटला आल्यावर २०२० ते २०२२ या काळात कॅमेरे तिकडे वळले, आणि ते कोलोरॅडोला गेल्यावर पुष्कळसे निघूनही गेले. जॅक्सन स्टेटने सेलिब्रेशन बोल जिंकला तो मात्र २०२४ मध्ये, त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असलेल्या टी. सी. टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली.

विद्यापीठ निवडताना लहान खेळांकडेही नजर टाकावी. फिस्कने २०२३ मध्ये एचबीसीयूतील पहिला महिला जिम्नॅस्टिक्स संघ उतरवला आणि अवघ्या काही हंगामांत तो बंद करण्याचा निर्णयही जाहीर केला. हॉवर्डचा पोहण्याचा संघ आज एचबीसीयूंत एकमेव आहे. असे संघ पाहायचे असतील तर त्यांचे वेळापत्रक फुटबॉलच्या आधी तपासावे, कारण त्यांच्या स्पर्धा मोजक्या असतात आणि त्यांची बातमी सहसा विद्यापीठाच्या स्वतःच्या क्रीडा संकेतस्थळावरच मिळते.