जुन्या गोव्यात आधी से कॅथेड्रल, मग बॉम जेझुस

जुन्या गोव्यातली चर्चेस बघताना ऊन कुठून येतं ते बघून क्रम ठरवा. से कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेकडे, म्हणून ते सकाळी बघा. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, दुसरा तेवढा उरलाय. बॉम जेझुसचं तोंड पश्चिमेला. दुपार कलली की तिथला उघडा जांभा तांबूस उजळतो. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो 1950 च्या दशकात काढला. (पावसाच्या दृष्टीने हे काही बरं झालं नाही.) नक्षीसाठीचा काळा दगड मात्र थेट आपल्या वसईचा! रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळी फिरायला जाऊ नका. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे हवेत.