एएलपीच्या दुसऱ्या पेपरातली तरफ, कप्पी आणि गिअर

रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेत पहिल्या वेळी मी सीबीटी-२ ला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या पेपरला, अडकलो. आयटीआयचा फिटर असून मार्क गेले ते गिअर आणि कप्पीच्या प्रश्नांत, हे घरी सांगायलाही लाज वाटली. भाग ब म्हणजे आपल्या ट्रेडचा पेपर. तो ३५ टक्के पाडून नुसता पास व्हायचा. खरी चढाओढ भाग अ मध्ये, आणि हे गिअर-कप्पीचे प्रश्न तिथलेच. १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. आणि चूक झाली की एक तृतीयांश मार्क कट.

मला आडवा आला तो प्रश्न असा होता: तीन गिअर एका ओळीत, दात २०, ४५ आणि ६०. पहिला मिनिटाला ३०० फेरे घेतो, तर शेवटचा किती? मी आधी मधल्याचे फेरे काढले, १३३.३३ आले, तिथे गडबडलो आणि दोन मिनिटं घालवली. खरं तर मधला गिअर हिशेबात येतच नाही. ३०० × २० ÷ ६० = १००, संपलं. मधला फक्त दिशा बदलतो, त्यामुळे पहिला आणि तिसरा एकाच दिशेने फिरतात. त्या घाईत मी दिशाही चुकवली होती.

दुसऱ्या वेळी गाइड बाजूला ठेवलं आणि सहावीचं सामान्य विज्ञान काढलं. साध्या यंत्रांचा धडा. मित्र हसले, हसू देत. भार × भारभुजा = बल × बलभुजा (भुजा म्हणजे टेकूपासूनचं अंतर), एवढं तिथे सुटसुटीत मिळतं. तरफेचे तीन प्रकार पाठ करण्यापेक्षा मध्ये काय आहे ते बघा. कात्रीत मध्ये टेकू असतो. अडकित्त्यात मध्ये सुपारी, म्हणजे भार. चिमट्यात मध्ये आपली बोटं, म्हणजे बल. म्हणून चिमट्याने जोर वाचत नाही, पण हात भाजत नाही.

वर्कशॉपमध्ये जाम नट सुटेना की आम्ही पान्याला पाइप घालायचो. २० सेंमीचा पाना ६० सेंमीचा झाला की तेवढ्याच जोराने नटावर तिप्पट पीळ पडतो. पण हात तिप्पट लांब फिरवावा लागतो. कप्पी, जॅक, गिअर, सगळीकडे हाच सौदा: जोर वाचला की अंतर जास्त कापायचं. उत्तर बरोबर वाटतंय का, हे मी आता यावरूनच ताडून बघतो.

कप्पीत कप्प्या मोजू नका, हलत्या कप्पीला उचलून धरणारे दोर मोजा. चार दोर असतील तर घर्षण सोडून जोर पावपट, पण भार १ मीटर वर न्यायला ४ मीटर दोर ओढायचा. विहिरीवरची एकटी बांधलेली कप्पी जोर अजिबात वाचवत नाही, फक्त खाली ओढायची सोय करते. पट्ट्याचं एका ओळीत: सरळ पट्टा असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेने, फुलीचा असेल तर उलट.

वस्तुमान आणि वजनाचा घोळ मात्र शेवटपर्यंत छळतो. ५० किलो हे वस्तुमान, त्याचं वजन सुमारे ४९० न्यूटन. पर्यायांत दोन्ही आकडे मुद्दाम दिलेले असतात.

दुसऱ्या वेळी सीबीटी-२ निघाली. पुढच्या सीबीएटीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अभियोग्यता चाचणीत, यातलं काही नसतं आणि निगेटिव्ह मार्किंगही नसतं. तिची तयारी वेगळी करा.

शक्ती आणि कार्यक्षमता डोक्यात बसली ती आमच्या विहिरीवरच्या मोटारीमुळे. मोटार १ एचपीची, म्हणजे ७४६ वॅट. पाणी २० मीटर वर चढवायचं, तर हिशेबाने सेकंदाला ३.८ लिटर यायला हवं, म्हणजे १५ लिटरची बादली चार सेकंदांत भरायला हवी. मोबाइलवर वेळ लावून मोजलं. आठ सेकंद लागले, म्हणजे कार्यक्षमता निम्मीच.