पार्किंगमध्ये एकचाकी: सर्कशीतली सायकल शिकायची कशी

सर्कशीत एकचाकीवरून चेंडू झेलत फिरणारा बघितला की वाटतं, सगळी करामत पायांत आहे. नाही, ती बैठकीत आहे. १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे मुळात घोड्यांचे जाणकार होते. घोड्यावर जी बैठक लागते, तीच इथेही लागते.

सायकल २० इंची घ्या, मोठ्या माणसांनीसुद्धा. लहान मुलांना १६ इंची चालेल. शेजारी उभी केली की सीट बेंबीपर्यंत यायला हवी. आणखी एक, क्रँकवर, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसवतात त्यावर, डाव्या-उजव्याची खूण असते ती बघा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, सायकलची मागची बाजू पुढे करून बसलात तर चालवता चालवता पेडल सैल होतात.

जागा? ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला कठडा आहे, पण सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी. नवी मुंबईच्या भरधाव पाम बीच रोडचं तर नावच काढू नका. सोसायटीचं बेसमेंट उत्तम: सपाट जमीन, हाताशी भिंत, पावसाळ्यातही कोरडं. पेव्हर ब्लॉकवर छोटं चाक अडखळतं. हेल्मेट घाला, बुटाच्या नाड्या आत खोचा. फुटबॉलचे शिनगार्डही बांधा. पेडल नडगीवर बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

आधी उतरायला शिका. भिंत धरून बसायचं, एक हात सीटला, आणि सायकल मागे सोडून पुढे पाऊल टाकायचं. वीसेक वेळा केलंत की पडायची भीती बरीच जाते.

आता चढणं. चाकामागे वीट ठेवा. एक पेडल आपल्याकडे, आडव्यापेक्षा जरा खाली. सीट मांड्यांत घ्या, त्या पेडलवर पाय द्या. चाक मागे सरकून विटेला टेकेल आणि तुम्ही वर याल. भार सीटवर टाका. पेडलवर उभे राहिलात की चाक पळालंच समजा.

मग अर्धा फेरा, थांबा, पुन्हा अर्धा फेरा. इथे फ्रीव्हील नसतं, पाय थांबले की चाक थांबतं. पेडल वर-खाली उभ्या रेषेत आले की पायाला जोर मिळत नाही. नवशिके नेमके तिथेच पडतात. म्हणून दर वेळी पेडल आडवे असताना थांबा.

भिंत सुटली की नजर समोरच्या खांबावर. पुढे झुकताय असं वाटलं तर पाय भरभर चालवा, उजवीकडे कललात तर चाकही उजवीकडे वळवा. रोज अर्धा तास पुरे. एका रविवारी तीन तास घासून फक्त मांड्या सोलतात.

चेंडूंची घाई नको. आधी एक पाय खालच्या पेडलवर ठेवून चाक अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असं जागच्या जागी झुलवता आलं पाहिजे. नाहीतर चेंडू हवेत असताना तुम्ही थांबणार कुठे?