पैसा वाटला म्हणजे खर्च झाला असं नाही: शिक्षण निधीच्या वित्त शाखेत येणाऱ्यांसाठी

एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत आलेली मुलं-मुली मला दर दोन-तीन महिन्यांनी फोन करतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. "मॅडम, शिक्षणाच्या योजनेकडे प्रतिनियुक्ती मिळतेय, घेऊ का? पुढे वित्त नियंत्रक व्हायला उपयोग होईल का?" होईल, आणि घ्याच, असं मी सांगते. पण त्यानंतर जे सांगते ते फोनवर नीट पोहोचत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. कोषागार, लेखाशीर्षं, देयकं, २२०२ या सामान्य शिक्षणाच्या लेखाशीर्षाखाली काय येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

मी जिल्ह्यात लेखाधिकारी म्हणून सुरुवात केली. जिल्हा कुठला ते सांगणार नाही. २०१८-१९ चं वर्ष होतं. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षणाची योजना एकत्र करून समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची योजना नुकतीच सुरू झाली होती. केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. शाळांना वेगवेगळ्या नावांनी मिळणारी लहान अनुदानं बंद होऊन पटसंख्येनुसार एकच संयुक्त शाळा अनुदान आलं होतं. सगळ्यांनाच सगळं नवीन होतं. पैसे जिल्ह्याला उशिरा मिळाले आणि आम्ही ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समित्यांच्या खात्यांवर वर्ग केले. आठ दिवस रात्री दहापर्यंत थांबून, बँकेत रोज चकरा मारून. शेवटची यादी बँकेने स्वीकारली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. एकही रुपया परत गेला नाही, याचा मला खरोखर अभिमान वाटत होता.

एप्रिलमध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी कसा वापरला याचं लेखी प्रमाणपत्र, तयार झालं. मिळालेला निधी, झालेला खर्च, शिल्लक शून्य. शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीशेजारी माझी सही.

त्या कागदावरचं "शिल्लक शून्य" खोटं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं.

आता हे मी अगदी सावकाश सांगते, कारण हुशार माणसंही इथेच चुकतात. ७८ मुलांची एक शाळा घ्या. तिला २५,००० रुपये मिळाले, खात्यावर जमा झाले २२ मार्चला. मुख्याध्यापकांनी ३१ मार्चपर्यंत खडू, नळाची दुरुस्ती, स्वच्छतागृहाची सामग्री यांवर ६,४०० रुपये खर्च केले. समितीचा ठराव, दुकानदाराची पावती, सगळं व्यवस्थित. उरलेले १८,६०० शाळेच्या खात्यात. माझ्या रोकडवहीत मात्र २२ मार्चलाच २५,००० "खर्च" पडले, कारण जिल्ह्याच्या खात्यातून तेवढे बाहेर गेले. खरं काय होतं? २२ मार्चला मी शाळेला २५,००० चं अग्रिम दिलं, म्हणजे हिशेब यायचा बाकी असलेली आगाऊ रक्कम. ३१ मार्चला त्यातल्या ६,४०० चं प्रमाणक (खर्चाचा कागदी पुरावा) आलं, तेवढ्याचं समायोजन झालं, म्हणजे तेवढी रक्कम अग्रिमातून वजा झाली, तेवढाच खर्च. १८,६०० अजून अग्रिम. तो पैसा अजूनही योजनेचाच, फक्त दुसऱ्याच्या खात्यात ठेवलेला. उपयोगिता प्रमाणपत्रात ६,४०० यायला हवे होते आणि मी २५,००० लिहिले. आता हेच जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना लावून बघा.

"पण पैसे शेवटी शाळेसाठीच होते ना, मुख्याध्यापकांनी खाल्ले तर नाहीत!" हे मीही स्वतःला वर्षभर सांगितलं. प्रमाणपत्राची भाषा वाचा. निधी मंजूर कारणासाठी प्रत्यक्ष वापरला गेला आणि तशी खात्री करण्यासाठी तपासण्या केल्या, असं आपण लिहून देतो. "पोहोचवला" असं तिथे कुठेही नाही. मी एकही प्रमाणक पाहिलं नव्हतं. मी बँकेचे आदेश पाहिले होते. आमचं पुस्तक तपासणाऱ्या सनदी लेखापालांनीही तेच पाहिलं आणि माझाच आकडा उचलला, त्यामुळे माझी शंका आणखी झोपली.

ती जागी झाली २०२१ मध्ये. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने १ जुलै २०२१ पासून प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेसाठी राज्यात पैसा सांभाळणारी एकच नोडल संस्था (एसएनए) आणि तिचं एकच खाते असा नियम लागू केला. खालच्या सगळ्यांना शून्य शिलकीची खाती, खर्चाची मर्यादा वरून ठरवलेली. जुन्या खात्यांतली अखर्चित रक्कम परत भरायची. मुख्याध्यापक प्रामाणिक होते. त्यांनी पैसे भरायला सुरुवात केली. कुणी ११,०००, कुणी ३,२५०, कुणी व्याजासकट १९,४१२. आणि माझ्या पुस्तकात त्या वर्षाची शिल्लक शून्य! जी रक्कम कागदावर कधीच खर्च झाली होती ती दारात येऊन उभी राहिली. तिची नोंद कुठे करायची? कुठल्या वर्षात, कुठल्या घटकाखाली? वर व्याजाचा प्रश्न. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ प्रमाणे अनुदानावरचं व्याज आपलं नसतं, ते शासनाच्या संचित निधीत जातं. आम्ही तर व्याज धरलंच नव्हतं, कारण शिल्लकच नव्हती.

लेखापरीक्षेत परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, लागला. माझ्या कालावधीचा, माझ्या पदनामाचा. त्या परिच्छेदाचं अनुपालन पूर्ण व्हायला अडीच वर्षं गेली. केंद्रप्रमुखांकडून पासबुकांच्या झेरॉक्स मागवणं, बदली झालेल्या मुख्याध्यापकांना शोधणं, एका शाळेची पाच वर्षांची प्रमाणकं पावसात भिजून एकमेकांना चिकटलेली, ती पंख्याखाली वाळवणं. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला मी गेले नाही. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

तुम्ही म्हणाल, आता शून्य शिलकीची खाती आहेत, एसएनए-स्पर्श या त्यानंतरच्या पद्धतीत तर देयक मंजूर होईपर्यंत पैसा शासनाच्या तिजोरीतच राहतो आणि रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेरमधून थेट जातो, मग हा सापळा उरला कुठे? उरला आहे. त्याने कपडे बदललेत. वर्गखोलीसाठी बांधकाम यंत्रणेला रक्कम वर्ग झाली की पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या निधी-नोंदीच्या संगणक प्रणालीवर, ती खर्चात दिसते, पण पायाही खणलेला नसतो. प्रशिक्षणासाठी एखाद्या संस्थेला आगाऊ रक्कम जाते, प्रशिक्षण दिवाळीनंतर होतं. प्रणाली पैसा हलला एवढंच सांगते. काम झालं की नाही हे कुठलाच पडदा सांगत नाही, ते तुम्हालाच विचारावं लागतं. "पीएफएमएसवर दिसतंय" हे उत्तर माझ्या शाखेत मी चालू देत नाही.

दबावाबद्दलही स्पष्ट बोलते. एकाच खात्याच्या पद्धतीत केंद्राचा हिस्सा वर्षाच्या २५ टक्क्यांहून जास्त एका वेळी येत नाही आणि आधीच्या निधीतला ७५ टक्के वापरल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. म्हणजे खर्चाचा आकडा वाढवून दाखवण्याचा मोह आता वर्षातून एकदा होत नाही, चार वेळा होतो. आणि हा मोह वाईट माणसांनाच होतो असं नाही. हप्ता अडला तर कंत्राटी कर्मचाऱ्यांचं मानधन अडतं, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात राहणाऱ्या मुलींच्या किराण्याचं बिल अडतं. समोरचा अधिकारी कळवळून सांगतो, "मॅडम, एवढ्यापुरतं दाखवा, पुढच्या महिन्यात खरं होईलच." त्या वेळी तुमच्या हातात प्रत्यक्ष खर्च आणि प्रलंबित अग्रिम असे दोन वेगळे रकाने असले पाहिजेत. ते दोन्ही दाखवून, कुठल्या तालुक्यातली प्रमाणकं कधी येणार ते लिहून मी हप्ता मागितला आहे आणि तो मिळाला आहे. उशीर झाला. मिळाला. खोटा आकडा देऊन वेळेवर मिळालेल्या हप्त्याची किंमत मी वर लिहिलीच आहे.

आडवाटांबद्दल माझं मत कडक आहे. गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र उघडून तारीख आणि आकडे बदलणं ही या क्षेत्रातली सगळ्यात घातक सवय. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे नमुने वापरू नका, मूळ नियमपुस्तिकेतला नमुना काढा, तो दर वेळी नव्याने भरा. आणि बाहेरच्या सल्लागार फर्मने तयार करून दिलेलं टिपण न वाचता पुढे पाठवणाऱ्यांना मी वरिष्ठ पदासाठी कधीच सुचवत नाही. टिपण त्यांचं असतं, सही तुमची असते.

गुरू कुणाला करावं? बहुतेक जण मोठ्या साहेबांच्या मागे धावतात. साहेबांची बदली तीन वर्षांत होते. मला शिकवलं ते पंचायत समितीतल्या एका वरिष्ठ सहायकांनी. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी सही केली त्याच्या आदल्या आठवड्यात ते म्हणाले होते, "मॅडम, शाळांची पासबुकं बघितलीत का?" मी घाईत होते. "नंतर बघू" म्हणाले. नंतर दोन वर्षांनी मीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी एकही शब्द टोचून न बोलता मला अग्रिमांची नोंदवही आखून दिली: शाळा, रक्कम, दिनांक, आलेलं प्रमाणक, समायोजन, बाकी, व्याज. सात रकाने. मी आजही तेच सात रकाने वापरते, फक्त ते आता संगणकावर आहेत. तुमच्या कार्यालयात असं माणूस नक्की असेल, कोपऱ्यातल्या टेबलावर. त्यांच्यासोबत चहा घ्या.

राज्यस्तरावरच्या वित्तप्रमुखाच्या कामाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तिथे पोहोचेपर्यंत बरंच आपोआप कळतं. वार्षिक आराखडा आणि अंदाजपत्रक, दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळापुढची बैठक, राज्याचा हिस्सा वेळेवर पडावा म्हणून वित्त विभागाचा पाठपुरावा, महालेखापालांच्या पथकाला उत्तरं. प्रकल्प संचालक भारतीय प्रशासन सेवेतले असतात, त्यांना वेग हवा असतो आणि तो हवाच. तुमचं मत वेगळं असेल तर नस्तीवर (फाइलवर) लिहा, सभ्य भाषेत, नियमाचा आधार देऊन, आणि सोबत पर्याय सुचवा. नुसतं "नियमात बसत नाही" लिहिणारा वित्त अधिकारी कुणालाच नको असतो, मलाही नाही. तोंडी विरोध करून लेखी सहमती देणं तर त्याहून वाईट.

आणि घाबरू नका. हे मी मनापासून म्हणते. परिच्छेद लागल्यावर मला वाटलं होतं की सेवापुस्तकच संपलं. तसं झालं नाही. मी चूक मान्य करून लेखी कळवली, वसुली आणि समायोजनाचे तालुकानिहाय तक्ते दर महिन्याला पाठवले, आणि पदोन्नतीच्या वेळी त्याच कामाचा उल्लेख झाला. एक पैसा कुणी खाल्लेला नव्हता, हे कागदावर सिद्ध करता आलं. चुकीच्या नोंदीतून बाहेर येता येतं. लपवलेल्या नोंदीतून येता येत नाही.

थेट राज्यस्तरावर जागा मिळत असेल तर? माझं मत, आधी जिल्हा मागा, निदान दोन वर्षं. ज्याने कधी मुख्याध्यापकाचं पासबुक हातात घेतलं नाही त्याला अग्रिम आणि खर्च यांतलं अंतर पुस्तकात कळतं, अंगात मुरत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मागून घ्या: अग्रिमांची नोंदवही, गेल्या तीन वर्षांची उपयोगिता प्रमाणपत्रं आणि त्याच वर्षांचे बँक ताळमेळ. पदभार यादीवर सही करण्याआधी मागा, नंतर नाही. नोंदवही "सापडत नाही" असं उत्तर आलं तर तसं पदभार यादीतच लिहा, मग सही करा. मग दहा शाळा निवडा, त्यातल्या दोन तरी एसटी बदलून जावं लागेल अशा, आणि पासबुकं स्वतः जाऊन बघा.